रोजची एक गोळी, पण साधी नव्हे: इमॅटिनिब घरी सुरक्षितपणे कसं घ्यावं

आईचा रक्ताचा कर्करोग कळला तो भूक मेल्यामुळे. दोन घास खाल्ले की "बास" म्हणायची. आम्ही ॲसिडिटी समजून महिनाभर काढला. मग फॅमिली डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तर डाव्या बाजूला पानथरी हाताला लागली. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली, तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या पुढे! असायला हव्यात चार ते अकरा हजार. पुढच्या आठवड्यात निदान पक्कं झालं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सगळे म्हणतात ते सीएमएल.

केमो, वॉर्ड, केस गळणं अशा सगळ्या तयारीने आम्ही हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि बाहेर आलो ते एका गोळीची चिठ्ठी घेऊन. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज एक, जेवणाबरोबर. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "एवढंच?" मलाही हायसं वाटलं. पुढे या "एवढंच"ची किंमत आम्ही मोजली, ती गोष्ट खाली येईलच.

आता आठ वर्षं झाली. या काळात चुकत-माकत जे शिकलो ते क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस किती, कधी कमी करायचा, कधी थांबवायचा हे तुमचे हिमॅटॉलॉजिस्टच ठरवतील. पण ओपीडीतल्या दहा मिनिटांनंतर उरलेला महिना गोळी घरातच असते, आणि घरातलं काम आपलं असतं. आणखी एक: हा लेख फक्त इमॅटिनिबचा आहे. डासाटिनिब, निलोटिनिब ही त्याच कुळातली औषधं, पण त्यांचे नियम वेगळे. इमॅटिनिब भरल्या पोटी घ्यायचं, तर निलोटिनिबची कॅप्सूल रिकाम्या पोटी. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या पेशंटचा सल्ला म्हणूनच आपल्याला लागू पडेल असं नाही. आणि अक्यूट ल्युकेमियाच्या मुलांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात. तिथे कुणी 'गोळी रोजची' असं समजून चाललं तर जिवावर बेततं.

गोळी करते काय, हे आधी समजून घ्या

सोसायटीतल्या पाण्याच्या पंपाचं बटण अडकलं की टाकी भरून गच्चीभर पाणी होतं, तसा हा आजार. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट रोली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं एक जोड-जनुक तयार होतं आणि ते पेशींना सारखं 'वाढा, वाढा' सांगत राहतं. जागतिक सीएमएल दिन २२ सप्टेंबरला का, तर नववा महिना आणि बाविसावी तारीख.

इमॅटिनिब त्या बिघडलेल्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. २००१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते ज्यांना पहिल्यापासून मिळालं अशा रुग्णांचा एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा झाला. दहा वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ८३ टक्के होतं. त्याआधी हा आजार बहुतेकांना काही वर्षांत घेऊन जायचा.

पण गोळी वायरिंग दुरुस्त करत नाही, अडकलेलं बटण फक्त बंद धरून ठेवते. तिचं रक्तातलं प्रमाण साधारण अठरा तासांत निम्मं होतं. म्हणून रोज, म्हणून ठरल्या वेळी. हे एक वाक्य आईला नीट समजलं असतं, तर पुढचा गोंधळ झाला नसता.

पहिली गोळी घेण्याआधी: पिशवी भरा

घरात आपण जे जे घेतो ते सगळं एका कापडी पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. बीपी, शुगर, थायरॉइड, झोपेची गोळी, गुडघ्याचं तेल, च्यवनप्राश, काढा, शेजारच्या काकूंनी दिलेली पुडी, सगळं. "आणखी काही घेता का?" या प्रश्नाला आपण सगळे "नाही" म्हणतो, कारण काढा हे औषध आहे असं आपल्याला वाटतच नाही.

पिशवीखेरीज या गोष्टी न विचारता सांगा: हृदयाचा त्रास, यकृत किंवा किडनीचा आजार, पूर्वी झालेली कावीळ आणि हिपॅटायटिस बी (तो दडून बसलेला असेल तर या औषधाने पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून आधीच तपासतात), थायरॉइडची ग्रंथी काढलेली असणं, क्षयाचं औषध चालू असणं. पाळीच्या वयातल्या बाईने गरोदरपणाची शक्यता आहे का हे सांगायलाच हवं.

पेशी फार वाढलेल्या असतील तर सुरुवातीला त्या भराभर मरतात आणि त्यांचा कचरा किडनीवर येतो. आईला पहिले काही दिवस युरिक ॲसिडची वेगळी गोळी होती आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं असेल तर ते मनावर घ्या.

मेडिकलमध्ये उभं राहून तपासा

इमॅटिनिब १०० आणि ४०० अशा दोन ताकदींत मिळतं. इथली चूक मला सगळ्यात भीतीदायक वाटते. समजा, तीन महिने शंभराच्या चार-चार गोळ्या घेतल्या. मग दुकानात शंभरच्या संपल्या म्हणून चारशेची स्ट्रिप आली. हाताला सवय चारची. चारशेच्या चार म्हणजे सोळाशे! स्ट्रिप हातात घेतली की नाव, ताकद आणि एक्स्पायरी, तिन्ही मोठ्याने वाचा. आमच्या मेडिकलवाल्यांना माझी ही सवय आता माहीत आहे. ते स्वतःच वाचून दाखवतात, थोडं हसून.

कंपनी वारंवार बदलू नका. भारतात अनेक कंपन्यांचं जेनेरिक इमॅटिनिब मिळतं आणि आई पहिल्या दिवसापासून जेनेरिकच घेते. तक्रार काही नाही. पण बदल करावा लागला तर तारीख वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत सांगा. पीसीआर (रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय हे मोजणारी तपासणी) अचानक वर गेलं तर डॉक्टरांना हा धागा उपयोगी पडतो.

आणि शेवटची स्ट्रिप उघडली की नवी आणायची. 'संपली की आणू' हे पुण्यात चालत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, रविवारी वितरक बंद, दिवाळीत सगळंच बंद. ही गोळी प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात नसते, मागवावी लागते. पंधरा दिवसांचा साठा घरात असलाच पाहिजे.

साठा म्हणजे फ्रिजमध्ये नव्हे. कोरडी जागा, ३० अंशांच्या आत, मूळ स्ट्रिपमध्ये. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत गोळ्या ठेवू नका. स्वयंपाकघरात गॅसच्या वरची फळीही नको. आमचा डबा देवघराशेजारी आहे, नातवंडांच्या हाताला न लागेल एवढ्या उंचीवर.

गोळी घ्यायची कशी

दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण धरा. आई दुपारचं जेवण अर्धं झाल्यावर गोळी घेते, वर मोठा ग्लासभर पाणी, मग उरलेला भात. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली. रात्री घेणार असाल तर जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, तासाभराने झोपा. नाहीतर छातीत जळजळ होते.

गोळी चघळू नका, कुटू नका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अर्धी करू नका. गिळता येतच नसेल तर साध्या पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात विरघळवता येते: शंभराच्या गोळीला सुमारे ५० मिलिलीटर, चारशेच्या गोळीला २०० मिलिलीटर, चमच्याने ढवळून लगेच प्यायची. चहात नाही, ताकात नाही. फुटलेल्या गोळीची पूड हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नका. लागली तर धुवा. घरात गरोदर कुणी असेल तर हे काम तिच्याकडे देऊच नका.

आता उपवास. आमच्याकडे संकष्टी कडक. पहिल्याच संकष्टीला आईने गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली, कारण "औषधाला उपवास मोडत नाही." बरोबर आहे, पण पोटाला ते कसं कळणार? तासाभरात उलटी. तेव्हापासून संकष्टीला, एकादशीला, श्रावणी सोमवारी गोळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर किंवा भगर-आमटीबरोबर जाते. निर्जळी उपवास मात्र आम्ही बंद केला. रोजे धरणाऱ्यांनी इफ्तारच्या जेवणाबरोबर घेता येईल का, हे रमजान लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

गोळी विसरली तर? आठवल्यावर घ्या, जेवणाबरोबर. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीही नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर दुसरी घेऊ नका. पुढची ठरल्या वेळी. वहीत मात्र तसं लिहून ठेवा.

वही म्हणजे साधी कालनिर्णय-दिनदर्शिका. गोळी घेतली की त्या चौकोनात टिक. आईला गोळ्यांचा आठवड्याचा प्लॅस्टिकचा डबा पसंत नाही, तिला स्ट्रिपवरची भोकं मोजलेली आवडतात. तेही चालतं. महिन्याच्या शेवटी टिका आणि रिकाम्या स्ट्रिपा जुळल्या पाहिजेत.

अंगावर काय काय उमटतं

पहिलं म्हणजे डोळे. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, रात्रभर रडल्यासारख्या. इमॅटिनिबने अंगात पाणी धरतं आणि ते आधी डोळ्यांभोवती दिसतं, मग घोट्यांशी. उशी थोडी उंच घेतली, लोणचं-पापड कमी केलं, की आईला फरक पडतो. पण वजनावर लक्ष ठेवा. दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर. चार-पाच दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन चढलं, किंवा जिना चढताना दम लागायला लागला, तर फोन करायचा. पाणी फुफ्फुसाभोवती किंवा हृदयाभोवतीही साठू शकतं. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर हे जास्तच सांभाळायचं. पाणी उतरवायची गोळी मनाने घेऊ नका.

दुसरं, पायात गोळे. गोळीने गोळे येतात यावर आमच्या घरात विनोद करून झाले आहेत. रात्री दोन वाजता पोटरी दगडासारखी होते. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम, दिवसभर पुरेसं पाणी, आणि रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट तपासून गरज असेल तर पूरक औषध. त्याने बरंच निभावतं.

तिसरं, रंग. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात आई उजळली. लग्नात, मुंजीत बायका विचारायच्या, "अगं, काय लावतेस?" आई म्हणायची, "चारशे मिलिग्रॅम." या औषधाने त्वचेचा रंग फिकट होतो, कारण रंग बनवणाऱ्या पेशींनाही ते थोडं दाबतं. त्रास काही नाही, पण ऊन जास्त लागतं. पुण्याच्या बायका स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्यावर सगळा महाराष्ट्र हसतो. इथे तोच कामी आला.

मळमळ, जुलाब, थकवा, सांधे दुखणं, पुरळ हे अनेकांना होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळल्यासारखा लाल डाग येतो. बघणारा घाबरतो. बहुतेक वेळा तो आपोआप जातो, पण डॉक्टरांना सांगायचा. चक्कर येत असेल, धुरकट दिसत असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

आणि ज्यासाठी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, ते हे:

- ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा त्याहून जास्त, थंडी वाजून येणं
- काळी शी, लघवीत किंवा उलटीत रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके
- डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी
- पोटात अचानक असह्य दुखणं
- दम लागणं, छातीत दुखणं, झपाट्याने वाढणारं वजन
- अंगभर पुरळ, फोड, तोंडात जखमा
- अचानक तीव्र डोकेदुखी, बोलताना गोंधळ

हा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, खाली हिमॅटॉलॉजिस्टचा नंबर आणि जवळच्या इमर्जन्सीचा.

तापाबद्दल पुणेकरांना वेगळं सांगते. जुलै ते ऑक्टोबर इथे डेंग्यूचा मोसम. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, इमॅटिनिबनेही उतरू शकतात. त्यामुळे पावसाळ्यातल्या तापात 'दोन दिवस बघू' नाही. त्याच दिवशी सीबीसी. तापाला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम असलं काही घरातून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. इमॅटिनिब चालू असताना भरमसाट घेणं यकृताला बरं नाही.

इतर औषधं: भांडण यकृतात होतं

इमॅटिनिब यकृतातल्या एका विकराकडून (एन्झाइमकडून) मोडलं जातं. काही औषधं त्या विकराला थोपवतात, मग इमॅटिनिब रक्तात साठतं आणि साइड इफेक्ट वाढतात. काही त्याला डिवचतात, मग इमॅटिनिब इतक्या लवकर संपतं की गोळी घेऊनही न घेतल्यासारखं होतं.

थोपवणाऱ्यांत क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं आणि किटोकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधं. आईला एकदा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं होतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तिचं दुसरं औषध माहीतच नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. चिठ्ठी घेऊन मी नेहमीच्या दुकानात गेले, तर मेडिकलवाले म्हणाले, "ताई, काकूंची ती कॅन्सरची गोळी चालू आहे ना? एकदा फोन करून विचारा." विचारलं. बदलून दिलं. नेहमीचं एकच दुकान असावं ते यासाठी, ॲपवरच्या सवलतीपेक्षा हे जास्त मोलाचं.

डिवचणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचं आपल्याकडे रिफाम्पिसिन, कारण क्षयाच्या उपचारात ते असतंच. त्याने इमॅटिनिबची पातळी निम्म्याहूनही खाली जाते. क्षय निघाला तर दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या. फिटसाठीची फिनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि स्टेरॉइडपैकी डेक्सामेथासोन हीही याच बाजूची. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर बहुधा बदलावं लागतं. बीपीची ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन यांचा परिणाम इमॅटिनिबमुळे वाढू शकतो. थायरॉइड ग्रंथी काढलेल्यांना थायरॉक्सिनचा डोस अपुरा पडू लागतो, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं.

फळांत मुख्य शत्रू: ग्रेपफ्रूट. आपल्याकडे ते कुठे मिळतं, असं मलाही वाटलं होतं. पण ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ, आणि ती त्रासदायक रसायनं पपनसातही असतात. गणपतीत पाच फळांत पपनस येतं, आरती झाली की सोलून वाटतात. आईची फोड आता मी खाते. संत्रं-मोसंबी तिला चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

राहिले काढे. इथे माझे सगळे नातेवाईक माझ्याशी भांडले आहेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. काही भस्मांत शिसं, पारा सापडतो. आणि इमॅटिनिब स्वतःच कधीकधी यकृताला त्रास देतं. मग रक्तात यकृताचे एन्झाइम वाढले तर दोष कुणाचा, हे ठरवायचं कसं? डॉक्टर आधी खरी गोळी थांबवणार. एका पुडीपायी जीव वाचवणारं औषध बंद पडायला नको, एवढंच मी म्हणते. वैद्यांकडे जायचंच असेल तर उघड जा, दोघांनाही एकमेकांबद्दल सांगून.

तपासण्या: रिपोर्ट कसा वाचायचा

पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, दुसरा महिना पंधरवड्याने, मग साधारण दोन-तीन महिन्यांनी. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला दरमहा. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हजाराच्या खाली किंवा प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टर सहसा गोळी काही दिवस थांबवतात आणि आकडे सावरले की पुन्हा सुरू करतात. हे थांबवणं त्यांचं, आपलं नव्हे.

खरी परीक्षा बीसीआर-एबीएलच्या पीसीआरची, दर तीन महिन्यांनी. पायऱ्या अशा: तीन महिन्यांना १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांना १ टक्का किंवा कमी, वर्षाला ०.१ टक्का किंवा कमी. शेवटच्या पायरीला मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. पायरी चुकली तर पहिला प्रश्न गोळ्या नीट घेतल्या का हा असतो, मग पुन्हा तपासणी, मग म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या नव्या बदलाची चाचणी. टी३१५आय नावाचा बदल निघाला तर इमॅटिनिब चालत नाही, डासाटिनिब-निलोटिनिबही नाहीत. त्यासाठी वेगळी औषधं आहेत.

रिपोर्टवर 'इंटरनॅशनल स्केल' लिहिलेलं आहे का ते बघा आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या. आम्ही एकदा घराजवळ स्वस्त पडतं म्हणून दुसरीकडे दिलं. आकडा आला, पण तो कुठल्या मापातला ते कळेना. पुन्हा रक्त, पुन्हा पैसे, आणि मधले दहा दिवस झोप नाही.

आईने गोळ्या चुकवल्या तेव्हा

तिसरं वर्ष. रिपोर्ट छान, ०.०७. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. आईला फोटोत सुजलेले डोळे नको होते. तिने हळूच दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. दोन महिने. टिका मात्र रोजच्या रोज, शिक्षिका होती ना, हजेरीपट पूर्ण ठेवायची सवय! सूज उतरली, लग्न झालं, फोटो छान आले. पुढचं पीसीआर ०.४.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "काकू, महिन्यातून किती राहतात?" 'राहतात का' नव्हे, 'किती राहतात'. आईने खरं सांगितलं. मग त्यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं: ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यातल्या सुमारे ९४ टक्क्यांना सहा वर्षांत मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स मिळाला; त्याहून कमी घेतलेल्यांत तो आकडा २८ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं. आई तर पंधरा चुकवत होती.

म्हणून घरच्यांना सांगणं: 'गोळी घेतलीस का?' असं रोज विचारून माणूस वैतागतो आणि खोटं बोलायला शिकतो. त्यापेक्षा गोळी का नकोशी वाटते ते विचारा. आईला सूज नको होती. ते आधी सांगितलं असतं तर डॉक्टरांकडे त्यावर उपाय होता. पुढे त्यांनी दिलाही. सहा महिन्यांत आकडा पुन्हा ०.१ च्या खाली आला. सगळ्यांचा येतोच असं नाही.

गरोदरपण आणि मुलं

या औषधाने गर्भाला व्यंग येऊ शकतं. उपचार चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवडे भरवशाचं गर्भनिरोधन हवं. स्तनपान नको, गोळी बंद केल्यावरही महिनाभर नाही. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधी हिमॅटॉलॉजिस्टशी बोला, त्यासाठी आखणी करता येते. पुरुषांनीही हा विषय काढावा. चुकून दिवस राहिले तर त्याच दिवशी फोन. लहान मुलं इमॅटिनिबवर असतील तर त्यांची उंची नियमित मोजली जाते, कारण वाढ मंदावू शकते.

पैशांचं

मूळ कंपनीच्या ग्लिव्हेकचा (इमॅटिनिबचंच ब्रँडचं नाव) खर्च एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर होता, आपल्या जेनेरिकचा आठ-दहा हजार. त्या कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, आणि आज आपण जेनेरिक निर्धास्तपणे घेतो त्यामागे तो निकाल आहे. आता किमती आणखी उतरल्या आहेत. इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रात विचारा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. योजना आणि ट्रस्टची मदत यांची वाट तेच दाखवतात. लाजू नका, रांगेत उभे राहा. पैसे संपले म्हणून गोळ्या दिवसाआड घेणारे लोक मी ओपीडीत पाहिले आहेत, आणि त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलेलं नसतं.

आता बंद करूया का?

आईची पातळी गेली काही वर्षं इतकी खाली आहे की रिपोर्टमध्ये आकडाच येत नाही. मागच्या भेटीत तिनेच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, थांबवून बघता येतं, पण अटी आहेत: आजार पहिल्या टप्प्यातलाच असलेला, इमॅटिनिब पाच वर्षांहून जास्त घेतलेलं, खोलवरचा प्रतिसाद (म्हणजे पीसीआर अगदी खाली) दोन वर्षांहून जास्त टिकलेला, आणि पीसीआर वेळेवर देणारी चांगली लॅब हाताशी. थांबवल्यावर पहिले सहा महिने दरमहा रक्त द्यायचं. साधारण निम्म्या लोकांचा आजार परत येतो, बहुतेकांचा त्या सहा महिन्यांतच. गोळी लगेच सुरू केली की तो बहुतेकदा पुन्हा आटोक्यात येतो. आणखी एक गंमत: गोळी बंद केल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू काही महिने उलट जास्त दुखतात.

आईने सगळं ऐकून घेतलं. दरमहा सुई आणि दरमहा रिपोर्टची धाकधूक, त्यापेक्षा दुपारची गोळी बरी, असं तिचं तूर्त म्हणणं आहे. जानेवारीच्या भेटीत पुन्हा विचारणार आहोत.